लिफ्टमामांची टेकडी

ज्या माणसानं छत्तीस वर्षं अख्ख्या गावाची ने-आण केली, त्याला स्वतःला कधी एक जिना चढावा लागला नव्हता. ऐकायला थट्टा वाटते, पण लिफ्टमामांच्या बाबतीत ही गोष्ट शंभर टक्के खरी. मोठ्या इस्पितळाच्या एकुलत्या एका लिफ्टवर ते लागले चोविसाव्या वर्षी आणि सुटले साठ पुरी झाल्यावर. घर तळमजल्यावर, इस्पितळ दोन गल्ल्या पलीकडे, आणि वाटेत चढ म्हणाल तर औषधालाही नाही. चढायचं काम लिफ्टनं केलं, मामा नुसते तिच्यात उभे राहिले.

उभे तरी कसे, तर दाराकडे तोंड, उजवा हात पितळी दांड्यावर आणि पाठ सगळ्या जगाकडे. चार पावलं लांब आणि तीन पावलं रुंद अशी ती खोली. खिडकीचं नाव नाही. डोक्यावर जाळीतला एक पंखा, तो फिरला तर फिरला. उजाडायच्या आत आत शिरायचं आणि दिवे लागले की बाहेर यायचं. बाहेरचं हवामान मामांना लोकांच्या पायांवरून कळायचं. चपला ओल्या असल्या की पाऊस, बोटांवर धूळ असली की वारा. एवढ्यावर त्यांचं भागायचं, आणि भागतं म्हणून त्यांनी कधी तक्रारही केली नाही.

त्यांची बोलण्याची तऱ्हाही त्या खोलीनंच ठरवली. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एक म्हातारबुवा स्ट्रेचरवर आले, बरोबर सात-आठ नातेवाईक. मामांनी आपलं सरळ मनानं विचारलं, "बाबांना वर जायचंय ना?"

झालं! म्हाताऱ्याच्या बहिणीनं असा हंबरडा फोडला की तळमजल्यावरचे सगळे पेशंट उठून बसले. थोरल्या मुलानं मामांची कॉलर धरली. म्हातारबुवांनी तेवढे डोळे उघडून, "अजून नाही हो, थोडं थांबा," असं मामांनाच समजावलं. त्या दिवसापासून मामांनी 'वर' हा शब्द टाकला तो टाकलाच. 'खाली' म्हणायची तर आणखी पंचाईत, कारण तळघरात काय असतं ते सगळ्यांना ठाऊक. मग उरलं काय? पहिला मजला हाडांचा, दुसरा पोरांचा, तिसरा बाळंतिणींचा, चौथा हृदयाचा. कुणी आत आलं की मामा विचारायचे, "हाडं? पोरं? बाळंतीण?" एवढं विचारलं की दिवसभराचं बोलणं संपलं.

ती लिफ्ट आणि मामा एकाच महिन्यात निवृत्त झाले. लिफ्ट भंगारात गेली, मामा घरी आले. "लिफ्टची सोय लवकर लागली," असं मामी शेजारणींना सांगायच्या. मामी म्हणजे मामांची बायको. मामांमुळे साऱ्या गल्लीनं त्यांना मामी करून टाकलं होतं. घरातल्या पुढच्या खोलीत त्यांचं स्वेटर विणायचं हातयंत्र होतं. ते सकाळपासून खर्रर्र खर्रर्र चालायचं आणि त्याच्या दुप्पट मामींचं तोंड. एकुलती एक लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली, त्यामुळे ते बोलणं ऐकायला उरले एकटे मामा.

मामांना बसायची सवय नव्हती. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे. मामींना आत जायचं असलं की बाजूला सरकायचे, मामी बाहेर आल्या की पुन्हा जागेवर. चौथ्या दिवशी मामी कडाडल्या, "अहो, या दाराला कडी आहे, बिजागऱ्या आहेत, त्याला माणूस लागत नाही! जरा बाहेर जा की!"

"बाहेर कुठं?"

"बाहेर म्हणजे बाहेर! घराच्या भिंती संपल्या की जे सुरू होतं ना, ते!"

मामांना त्या पत्त्यावर कसं जायचं ते कळेना. शेवटी मागच्या गल्लीतल्या शिंपीबुवांनी त्यांना नेलं. शिंपीबुवांची मान पंचेचाळीस वर्षं मशीनवर वाकून वाकून पुढं आलेली. डॉक्टर त्यांना म्हणाले, उंचावरच्या गोष्टी बघत जा. तेव्हापासून बुवा रोज सकाळी पाण्याच्या टाकीमागच्या टेकडीवर जाऊन पाखरं बघायचे. माणूस लाख मोलाचा, पण जिभेला हाड नाही. एकदा सुरू झाले की समोरच्याला हुंकार द्यायलासुद्धा फट मिळायची नाही.

टेकडीला कुणीतरी कधीकाळी दगडी पायऱ्या केलेल्या. मध्ये चार टप्पे, प्रत्येक टप्प्यावर सपाट जागा आणि एक बाकडं. पहिल्या दिवशी पहिल्या टप्प्यावर पाय टेकताच मामांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "हाडं आलं." शिंपीबुवा हसून हसून बाकड्यावर आडवे झाले. आठवडाभरात टेकडीवर येणारी सगळी मंडळी तसंच म्हणायला लागली. "आज गुडघा बरा नाही बाबा, हाडांपर्यंतच जातो." "आम्ही पोरांवर थांबतो, तुम्ही या सावकाश."

पण खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मामा घाबरले होते. पाठ टेकायला काही नाही, हात ठेवायला दांडा नाही. ज्या बाजूला बघावं तिकडं नजर जातच राहते, कुठं अडतच नाही. त्यांनी उजव्या हातानं बाकड्याची कड गच्च धरली आणि बऱ्याच वेळानं विचारलं, "बुवा, हे एवढं मोकळं कशाला ठेवलंय?"

"कशाला म्हणजे? राहिलंय तसंच!"

"काही काम नसतं होय याला?"

शिंपीबुवांनी आभाळाकडं बोट केलं आणि ते पाखरांची नावं सांगायला लागले.

मामा दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी बुवांना उशीर झाला तर एकटेच गेले. आणि हळूहळू असं झालं की सकाळी जाग आली की पहिल्यांदा टेकडी आठवायची. कोवळं ऊन आधी डाव्या गालाला लागतं आणि वळण घेतलं की उजव्या, हे त्यांना साठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या टप्प्याशी एक वाकडं झाड होतं. त्याखाली बसलं की वारा नसतानाही मध्येच एखादं पान सुटायचं आणि गिरक्या घेत यायचं. मामा ते पान जमिनीला लागेपर्यंत बघायचे आणि मग दुसऱ्याची वाट बघायचे. दगडावर एक सरडा यायचा आणि पुढच्या पायांवर उठाबशा काढायचा. एक घार पंख न हलवता गोल गोल फिरत एवढी उंच जायची की ठिपका व्हायची. मामा तोंडाचा आ करून बघत राहायचे. हिला कुणी नेलं? ना दोर, ना दांडा! अशी फुकटात चढणारी बाई त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

आणि सगळ्यात मोठं सुख म्हणजे इथं कुणाला पोचवायचं नव्हतं. घंटा वाजत नव्हती. तासभर बसलं तरी कुणी दार ठोठावून "अहो, आटपा!" म्हणत नव्हतं. मामांना इतकं हलकं वाटायचं की कधी कधी त्यांची त्यांनाच लाज वाटायची, की आपण असं काय केलंय म्हणून आपल्याला हे मिळतंय.

सहा महिने ते दुसऱ्या टप्प्यापर्यंतच जायचे. मग एके दिवशी शिंपीबुवा म्हणाले, "मामा, चला आज वर."

"तो शब्द नको."

"बरं बाबा, चला आज बाळंतिणीला!"

दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यामधल्या पायऱ्या उभ्या आणि सरळसोट. पायथ्याशी उभं राहिलं की टोकाचं बाकडं समोर दिसायचं. मामा निघाले. अर्ध्यावर कानात गुंई झालं. आणखी दहा पायऱ्यांवर डोळ्यांपुढं काळे ठिपके नाचायला लागले आणि छातीत असं काही आवळलं की ते बाकड्यावर पोचले ते कोसळलेच. चार मोठे श्वास घेतल्यावर सगळं जागेवर आलं. बुवांना त्यांनी सांगितलं, ऊन लागलं. दुसऱ्या दिवशी ढगाळ होतं, तरी तेच झालं. तिसऱ्या दिवशीही तेच.

मामांनी काय ओळखायचं ते ओळखलं. छत्तीस वर्षं चौथ्या मजल्याची माणसं त्यांनीच नेली होती. प्रत्येक जण नेताना हेच म्हणायचा, "विशेष काही नाही हो, जरा दम लागतो एवढंच." मामांना ती माणसं तोंडपाठ होती. त्यातली काही आठवड्याभरानं हसत घरी जायची. काहींना मामांनीच पांढऱ्या चादरीत तळघरात पोचवलं होतं.

मरणाची भीती वाटली नाही असं नाही. पण खरी धडकी दुसऱ्याच गोष्टीची भरली. डॉक्टर पहिलं वाक्य काय बोलणार ते त्यांना माहीत होतं. "चढणं बंद. घरी आराम करायचा." म्हणजे टेकडी गेली. पुन्हा एक खोली, चार पावलं लांब, तीन पावलं रुंद. साठ वर्षांनी जरा कुठं दार उघडलं होतं, आणि सहा महिन्यांत ते बंद होणार? नाही सांगायचं कुणाला. डॉक्टरकडे गेलंच नाही तर बंद कोण करणार? आता टेकडी वाचवायला टेकडीवरच जायचं नाही, असला उफराटा हिशोब शहाण्या माणसाला कसा सुचतो ते विचारू नका. भ्यालेल्या माणसाला सुचतो.

मामांनी जाहीर केलं की गुडघा दुखतोय. आणि नऊ दिवस ते पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

दहाव्या दिवशी शिंपीबुवा दारात हजर. "काय मामा, येणं नाही, जाणं नाही!"

"गुडघा," मामा म्हणाले आणि डोळ्यांनी त्यांना गप्प राहायची खूण केली. पण डोळ्यांच्या खुणा शिंपीबुवांना कुठल्या कळायला!

"गुडघा? छातीला गुडघा कधीपासून म्हणायला लागलात? अहो मामी, तीन दिवस हे छाती धरून बाकड्यावर पडत होते. मी म्हटलं, सांगितलं असेल घरी."

यंत्राचं खर्रर्र थांबलं. मामी यंत्रामागून उठल्या. त्यांचा चेहरा पार उतरला होता आणि मामांना वाटलं, आता आपली धडगत नाही. त्यांनी पायात चपला घातल्या, पिशवी घेतली, दिवा बंद केला आणि म्हणाल्या, "उठा."

"उभाच आहे."

"मग चला. इस्पितळाचा रस्ता तुम्हाला दाखवायला नको."

इस्पितळात नवी लिफ्ट आली होती. चकचकीत पत्र्याची, बटणांची, आत माणूस नाही. मामा शिरले आणि आपोआप दाराकडे तोंड करून बटणांपाशी उभे राहिले. मागून एक बाई म्हणाली, "दादा, दुसरा." मामांनी दाबला. कुणी म्हणालं, "काका, तिसरा." मामांनी तोही दाबला. मामी फणकारल्या, "पगार बंद झालाय तुमचा, सरका मागं!" पण मामा सरकले नाहीत. चौथा मजला आला, तसे ते खाली वाकले आणि लिफ्ट आणि फरशी यांमधली फट निरखून बघितली. "बरोबर थांबते," ते म्हणाले. "चांगली शिकवलीय हिला."

हृदयाच्या मोठ्या डॉक्टरीणबाई मामांना बघून खुर्चीतून उठल्याच. शिकाऊ होत्या तेव्हा त्या लिफ्टमध्ये उभ्या उभ्या झोपायच्या आणि चौथा मजला आला की मामा हळूच कडी वाजवून त्यांना जागं करायचे. "मामा! आज पाहुणे?"

"पेशंट," मामी म्हणाल्या, आणि आतापर्यंत दाबून धरलेलं त्यांचं सगळं अवसान त्या एका शब्दात गळालं. त्यांनी पदराचं टोक तोंडाला लावलं.

मग छातीला तारा चिकटवून आलेख काढला. गार गार मलम लावून पडद्यावर हृदय बघितलं. चालत्या पट्ट्यावर मामांना बारा मिनिटं चालवलं, पट्टा मधूनमधून तिरपा केला. मामा चालत राहिले. ना गुंई, ना ठिपके. बाईंनी सगळे कागद दोनदा बघितले आणि म्हणाल्या, "मामा, हे हृदय माझ्या हृदयापेक्षा बरं आहे. काहीही झालेलं नाही तुम्हाला."

मामींनी पिशवी मांडीवर ठेवली आणि डोळे मिटून मोठा सुस्कारा टाकला. पण मामांचा विश्वास बसेना. "मग डोळ्यांपुढं काळं का येतं?"

"कुठं येतं?"

"बाळंतिणीच्या अलीकडं."

बाईंनी मामींकडे बघितलं. मामींनी शिंपीबुवांकडून ऐकलेला टेकडीचा सगळा नकाशा समजावला, टप्प्यांच्या नावांसकट, तेव्हा कुठं उलगडा झाला. बाईंनी विचारलं, "तिथंच का? पहिल्या दोन टप्प्यांना का नाही?"

"तिथं पायऱ्या सरळ आहेत," मामा म्हणाले. "टप्पा पायथ्यापासूनच दिसतो."

बाई विचारात पडल्या. मग त्यांनी गळ्यातली नळी टेबलावर ठेवली. "चला मामा, आपण जिना चढू."

अशा रीतीनं इस्पितळाचा जिना लिफ्टमामा साठी उलटल्यावर आयुष्यात पहिल्यांदा चढले. शेजारी बाई, मागं पिशवी घेऊन मामी. तळमजल्यापासून सुरुवात केली. वळणापर्यंत ठीक. वळण घेतलं, भिंतीवर रंगवलेला पहिल्या मजल्याचा आकडा दिसला, आणि मामांचे ओठ घट्ट मिटले. उजवा हात पुढं आला आणि हवेतच मूठ वळली. मजल्यावर पाऊल पडलं तेव्हा मामांनी 'हुश्श' केलं आणि मूठ सोडली. दुसऱ्या मजल्यालाही तेच. तिसऱ्याच्या वळणावर त्यांनी आपला तळहात मामांच्या नाकापुढं धरला. एक पायरी, दोन, तीन, आठ. तळहाताला काही लागलं नाही.

"मामा! अहो, श्वास घ्या!"

"कोण, मी?"

"तुम्ही श्वासच घेत नाही! मजला दिसला की बंद करता तो पोचेपर्यंत! पट्ट्यावर काही झालं नाही, कारण पट्ट्याला मजला नसतो!"

मामा पायरीवर उभे राहिले, मुठीकडं बघत. आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

ती जुनी लिफ्ट अशी आपोआप थांबणारी नव्हती. दांडा दाबला की जायची, सोडला की थांबायची, आणि कुठं सोडायचा ते हातानं ओळखायचं. जरा चुकलं की दोन बोटं अलीकडं नाहीतर दोन बोटं पलीकडं. उभ्या माणसाला दोन बोटांचं काही वाटत नाही. पण स्ट्रेचरवर पोट शिवलेला माणूस असला, मोडकं हाड असलं, की चाक त्या दोन बोटांवरून उतरताना तो जो कण्हायचा, ते मामांच्या पाठीत शिरायचं. म्हणून मजला जवळ आला की मामा श्वास धरायचे. श्वासानं खांदा हलतो, खांद्यानं हात हलतो, हातानं दांडा. दिवसाला दोनशे वेळा, छत्तीस वर्षं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि त्यांनी कुणाला सांगितलंही नव्हतं. आपण असं करतो, हे त्यांचं त्यांनाही आज कळत होतं.

तुटक तुटक का होईना, मामांनी ते सांगितलं. बाई ऐकत होत्या. मग त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आता मागं कुणाचं स्ट्रेचर नाही, मामा."

मामा पायरीवर बसले आणि रडले. ये-जा करणारी माणसं बाजूनं वाट काढून जात होती. मामी आधी हसायला लागल्या, मग त्याही रडल्या, मग पुन्हा हसल्या. टेकडी राहिली! दहा-बारा दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून घेतला होता.

"औषध?" मामांनी नाक पुसत विचारलं.

"चढताना बोलत राहायचं. बोलणाऱ्याला श्वास धरता येत नाही," बाई म्हणाल्या आणि खरोखरच कागदावर लिहून दिलं, 'चढताना बोलणे, रोज.'

मामींनी तो कागद वाचला. "बाई, दुसरं काही नाही का? एखादं इंजेक्शन? कडू असलं तरी चालेल. हे यांना जमायचं नाही. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, यांनी आपणहून बोललेली वाक्यं मी दोन्ही हातांच्या बोटांवर मोजून दाखवते!"

आता बोलायचं कुणाशी, हा प्रश्न आला. शिंपीबुवांशी बोलणं शक्यच नव्हतं, कारण बुवा पाळी येऊ देतील तर ना! तेव्हा दुसऱ्या दिवशी मामींनी यंत्रावर कापड टाकलं आणि त्याच निघाल्या. टेकडी त्यांनी कधी बघितली नव्हती. स्वेटरवाल्या बाईला कुठली टेकडी!

पहिल्या टप्प्यापर्यंत मामांची फार ओढाताण झाली. काय बोलावं तेच सुचेना. शेवटी ते दिसेल ते सांगायला लागले. "हा दगड. हे झुडूप. हे काटेरी आहे. हा सरडा."

"सरडा मला दिसतोय. पुढं?"

"हा व्यायाम करतो."

"चला, घरात कुणीतरी करतंय!"

दुसऱ्या टप्प्यापर्यंत जरा लय लागली. मामांनी घारीचं सांगितलं, पानांचं सांगितलं. मामी त्या वाकड्या झाडाखाली थांबल्या आणि एक पान सुटून येईपर्यंत त्यांनीही वाट बघितली. मग त्या सरळसोट पायऱ्या आल्या. समोर बाकडं दिसत होतं. मामा चार पायऱ्या चढले आणि त्यांचे ओठ मिटले.

मामींनी त्यांना कोपर मारलं. "बोला!"

"काय बोलू? संपलं सगळं."

"पुढं काय आहे?"

"बाळंतीण."

"हं, बाळंतीण!" मामी थांबल्या. कंबरेवर हात ठेवून त्यांनी मामांकडे असं बघितलं की मामांना वाटलं, काहीतरी चुकलं. "बरी आठवण केलीत. लेकीच्या वेळी तुमच्याच लिफ्टमधून नेलं होतं मला. मी कळांनी किंचाळत होते आणि तुम्ही एकदा मागं वळून बघितलं नाहीत. एकदाही नाही! नुसती पाठ! तेव्हाच मी मनाशी म्हटलं, हा माणूस दगडाचा आहे. कधी बोलून दाखवलं नाही, पण तेहतीस वर्षं मी ते विसरलेली नाही."

मामा दोन पायऱ्या गप्प चढले. कोपर पुन्हा बसलं. आणि मग मामा बोलायला लागले, आणि यावेळी त्यांना काही शोधावं लागलं नाही.

"दोर ताणला होता गं तेव्हा. सकाळपासून तिसऱ्याला लिफ्ट दोन बोटं अलीकडं थांबत होती. तुझ्याआधी दोघींना हिसका बसला, दोघी ओरडल्या. आणि सिस्टर माझ्या कानात म्हणाली, मूल आडवं आहे, हिला धक्का लागता कामा नये. मी वळून बघितलं असतं तर माझा हात हलला असता. तू ओरडत होतीस आणि मी नुसता दांड्याकडं बघत होतो. तळापासून तिसऱ्यापर्यंत मी श्वास घेतला नाही. थांबली तेव्हा फटीत कागद गेला नसता. तुला आत नेलं, दार लागलं. मग मी लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे नेऊन थांबवली आणि रडलो. सगळ्या मजल्यांवरून घंटा वाजत होत्या. मी म्हटलं, वाजू देत. सगळ्या नोकरीत तेवढीच एकदा मी माणसं खोळंबवली. बाहेर आल्यावर सांगितलं, लिफ्ट बिघडली होती."

मामी खालच्या पायरीवर तशाच उभ्या होत्या. "हिसका बसला नव्हता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "खरंच नव्हता बसला. बाकी सगळं लक्षात ठेवलं मी, तेवढं नाही ठेवलं." मग त्यांचा आवाज एकदम चढला, "अहो, पण मग हे तेव्हाच सांगायचं ना! तेहतीस वर्षांचा माझा राग फुकट गेला की हो!"

"कुणी विचारलंच नाही."

"विचारायचं असतं होय असलं!" म्हणत मामींनी डोळे पुसले आणि इकडंतिकडं बघितलं. "ते तुमचं बाकडं कुठं गेलं?"

बाकडं मागं राहिलं होतं. बोलण्याच्या नादात मामा तिसरा टप्पा ओलांडून सहा पायऱ्या पुढं आले होते, आणि मामी त्यांच्या मागोमाग. मामांनी छातीला हात लावून बघितला. छाती आपली खालीवर होत होती. दम लागला होता तो मामींना. त्या पायरीवर टेकल्या आणि त्यांनी मामांचा उजवा हात ओढून आपल्या हातात घेतला.

"आणखी काय काय सांगायचं राहिलंय?" त्यांनी विचारलं.

मामांनी टेकडीच्या टोकाकडं बघितलं. अजून बऱ्याच पायऱ्या होत्या.

"बरंच आहे," ते म्हणाले.